डाकलेली दांडी

ही गोष्ट खरी आहे. मला ती मामांनी सांगितली, आणि मामांना रचून काही सांगताच येत नसे. त्यांच्याइतकी नीट मला सांगता येईल की नाही, शंकाच आहे. तरी सांगतो.

वेळ रात्रीची नव्हती. भर दुपार होती.

मामांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. एक टेबल, एक दिवा आणि भिंतभर टकटकणारी घड्याळं. मनगटी घड्याळाची नुसती केस, म्हणजे बाहेरची डबी, पाहून मामा त्याचं वय सांगत.

त्या दुपारी दोघं जण भांडतच आत आले.

बाई शिवणकाम करणारी. माणूस लेथवर धातू कातायचं काम करणारा, त्याला सगळे उस्ताद म्हणत. बाईचा धाकटा भाऊ त्याच्याच कारखान्यात होता. एके दिवशी कामावर गेला तो परतलाच नाही. त्याला बरीच वर्षं झाली होती. आणि आज बाजारात, उस्तादच्या मनगटावर, बाईला भावाचं घड्याळ दिसलं होतं.

“आमच्या आजोबांचं आहे ते,” बाई म्हणाली.

“सगळी घड्याळं हिच्या आजोबांचीच,” उस्ताद हसला. “काका, मी हे मागच्या वर्षी नवं घेतलंय. सांगा हिला एकदा, म्हणजे माझा पिच्छा सुटेल.”

बाई मामांच्या समोर बसली.

“मला घड्याळ नकोय काका. हे त्याचं असेल तर तो गेला. नसेल तर मी वाट बघेन. तेवढंच सांगा.”

उस्तादने काढून दिलेलं घड्याळ मामांनी पालथं केलं. मागचं झाकण आट्यांचं, फिरवून उघडायचं. आजोबांच्या काळात झाकणाला बिजागरी असे, पुस्तकासारखं उघडायचं ते. मामांनी पुढे फार पाहिलं नाही.

“झाकण नव्या पद्धतीचं आहे, ताई. हे त्याचं नाही.”

बाई उठली. दारापर्यंत गेली. तिथेच थबकली.

“मग पट्टा घड्याळावरच शिवलेला का आहे?”

“म्हणजे?”

“आता पट्टे निघतात ना? त्याचा निघत नसे. मलाच शिवून द्यावा लागे. दर खेपेला म्हणायचा, ताई, घट्ट शिव.”

मामांनी भिंग डोळ्याला लावलं. नव्या घड्याळात पट्टा स्प्रिंगच्या पिनेवर असतो; पीन दाबली की सुटतो. इथे पिना नव्हत्याच. दोन्ही दांड्या डाक देऊन केसला कायमच्या जोडलेल्या होत्या. ही पद्धत कधीच बंद पडली होती.

मामांचे कान तापले. आपण झाकण पाहिलं आणि पट्टा अडकवायचे खांदे पाहिलेच नाहीत.

त्यांनी आतलं यंत्र बाहेर काढून काचेच्या झाकणाखाली ठेवलं. रिकाम्या केसच्या काठाला आतून पितळी कडं बसवलेलं होतं. आटे त्या कड्यावर पाडले होते. चिमट्याने कडं उचकटलं... आणि खाली कानशीने घासून टाकलेली बिजागरी दिसली.

“हे लेथचं काम आहे,” मामा म्हणाले. “सुरेख आहे.”

उस्ताद टेबलाकडे सरकला.

“एक दांडीही वाकलीय. कुणीतरी जिवाच्या आकांताने ओढलंय. पीन असती तर उडाली असती. डाकलेली दांडी सुटत नाही. ती वाकायच्या आधी...”

“आधी काय?” बाईने विचारलं.

“आधी मनगट मोडलं असेल, ताई.”

खोली एकदम गप्प झाली...

मामांनी वर पाहिलं. भिंतीवरची सगळी घड्याळं थांबली होती.

आणि तरीही...

टिक. टिक. टिक.

यंत्र काचेखाली निपचित पडलं होतं. आवाज त्यांच्या हातातल्या रिकाम्या केसमधून येत होता.

उस्तादने मामांची मान धरली आणि डोकं टेबलावर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. भिंग फुटून काच गालात घुसली. त्याने केस हिसकावली, खिशात कोंबायला हात खाली नेला...

घड्याळ खिशात गेलंच नाही. पट्टा त्याच्या मनगटावर होता. बकल लागलेलं. कुणी लावलं, हे मामांना मरेपर्यंत सांगता आलं नाही.

पट्टा आवळत गेला. बोटं आधी लाल झाली, मग जांभळी. नखांखालून रक्त आलं. उस्तादने मामांची हातोडी उचलली आणि स्वतःच्याच मनगटावर घाव घालायला लागला. केसवर ओरखडाही उठेना. कातडी फाटली, मांस दिसलं, तरी तो थांबेना.

“सोड,” तो घड्याळाशी बोलत होता. “मेलायस तू. भट्टीत आहेस तू.”

बाई जागची हलली नव्हती.

“कुठल्या भट्टीत?” तिने शांतपणे विचारलं.

“कारखान्यामागच्या... चुन्याच्या...”

मग कडकन आवाज झाला. हातोडी तेव्हा वर हवेत होती.

मामांनी रक्ताने भरलेल्या डोळ्यांनी, चाचपडत, पट्ट्याखाली पातं घातलं आणि पट्टा कापला. त्याबरोबर भिंतीवरची घड्याळं पुन्हा टकटकायला लागली.

भट्टीच्या राखेत हाडं मिळाली. डावं मनगट मोडलेलं होतं. उस्तादचा हात डॉक्टरांना ठेवता आला नाही.

बाईने घड्याळ घरी नेलं नाही. “राहू द्या तुमच्याकडेच,” म्हणाली. “माझी वाट बघून झाली.”

आता बाई नाही. मामाही नाहीत. ती रिकामी केस आणि कापलेल्या पट्ट्याचे तुकडे माझ्या कपाटात, पुस्तकांच्या मागे, एका डबीत आहेत. आवाज कधी आला नाही. माझे कान तसे आता फार चांगले नाहीत, हेही खरं.

परवा एक पुस्तक काढताना डबीला धक्का लागून ती उघडली...

पट्टा अखंड होता.

मामांनी कापला होता तिथे बारीक, एकसारखे टाके. दोरा कोरा करकरीत.

शिवण घट्ट आहे की नाही, हे मी हात लावून पाहिलेलं नाही.