पद्मिनीसाठी ठेवलेले भाग

फुप्फुसात पाणी झालं म्हणून पद्मिनीला इस्पितळात ठेवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी श्रीरंग लिमयांनी तिची मालिका रेकॉर्ड करायला घरच्या कॉम्प्युटरला टीव्ही कार्ड बसवून घेतलं. कारण ऑक्सिजनवर असलेली बायको शुद्धीवर येऊन काय म्हणाली, तर "माझी मालिका बुडतेय हो." तिथल्याच एका संशोधन संस्थेतून निवृत्त झालेला शास्त्रज्ञ, मूलबाळ नाही, लखनौत आपलं म्हणावं असं दुसरं माणूस नाही. ती घरी परतावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"अंकलजी, डेढ़ बजे का टाइमर लगा दिया है. बस, मशीन बंद मत कीजिएगा," दुकानदार म्हणाला. श्रीरंग कॉम्प्युटर चालू ठेवत, वृंदावन योजना या वसाहतीतल्या घराला कुलूप लावत आणि दिवसभर इस्पितळात बसत.

चौथ्या संध्याकाळी त्यांनी एक भाग लावून पाहिला. चित्र झकास, पण पात्रांचे नुसते ओठ हलत होते. सेटिंग करताना आवाजासाठी टीव्हीऐवजी कॉम्प्युटरचा माइक निवडला गेला होता. जन्मभर उपकरणांशी खेळलेल्या माणसाने करावी अशी ती चूक नव्हती. बंद घराची शांतता तेवढी टिपली गेली होती. फ्रिजची घरघर, शेजारच्या कुकरची शिट्टी... आणि मग, अगदी जवळून...

"अगं, सही करू नकोस! फसवतोय तो तुला!"

आवाज पद्मिनीचा. पडद्यावरच्या माणसांना दटावायची पद्मिनीची जुनी खोड होती. पण त्या दुपारी ती अतिदक्षता विभागात होती आणि घराची किल्ली श्रीरंगांच्या खिशात. त्यांनी बाकीचे तीन भागही लावून पाहिले. चारही भागांत ती बोलत होती. त्यांना भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. त्यांनी सेटिंग तसंच राहू दिलं.

सोमवारी पद्मिनी घरी आली. एवढ्या लवकर ती उठेल असं डॉक्टरांनाही वाटलं नव्हतं. श्रीरंगांना तर आभाळ ठेंगणं झालं. मंगळवारी दीड वाजता ती टीव्हीसमोर बसली, पण अर्ध्या तासात चकार शब्द बोलली नाही. मग आत जाऊन पडली.

श्रीरंगांनी हेडफोन लावून त्या दुपारचा भाग उघडला. मालिकेच्या आवाजामागे कोणीतरी दबक्या सुरात रडत होतं.

"अहो... मी इथेच होते ना... ही कोण आणलीत घरी?"

हेडफोनमधलं बाहेर ऐकू जाणं शक्यच नव्हतं. तरी आतल्या खोलीतून पद्मिनीने शांतपणे विचारलं,

"काय म्हणतेय ती?"