हॉर्नच्या समोर कोण होतं?

थापा मारायची मला सवय नाही. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या... पण हे माझ्यासोबत घडलंय.

११ डिसेंबर, गुरुवार. दुपारी साडेतीन. ग्वाल्हेर, आमच्या कॉलेजची मायक्रोवेव्ह लॅब.

या प्रॅक्टिकलमध्ये मी दोनदा आपटले होते. शनिवारी तिसरी आणि शेवटची संधी होती. आता गेलं तर डिग्री गेली, हातातली नोकरीही गेली. आणि आईने नया बाज़ारात पेढे वाटूनसुद्धा टाकलेले, काय सांगू!

म्हणून लॅबवाल्या दौलतसिंहांकडून किल्ली घेतली आणि एकटीच सरावाला बसले.

बेसिक एकदम सोपं आहे. नरसाळ्यासारख्या हॉर्नमधून लहरी समोर जातात. कशावर आदळल्या की परत येतात आणि मीटरचा काटा हलतो. समोरून कोणी चालत आलं, तर दर दीड सेंटीमीटरला काटा एकदा वर जाऊन खाली येतो. म्हणून आम्ही सगळे हॉर्नच्या मागेच उभे राहतो.

समोर कोणी नव्हतं. काटा स्थिर हवा होता.

तो वर गेला... खाली आला.

पंखा असेल म्हणून बंद केला. ओढणी घट्ट बांधली.

वर... खाली... वर... खाली...

प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा. जे काही होतं, ते जवळ येत होतं.

मी मोजत राहिले. चाळीस झोके. म्हणजे साठ सेंटीमीटर. खरं सांगते, भीतीने रडू फुटायचं बाकी होतं.

मग काटा वरच थांबला. नुसता थरथरत... कोणी श्वास घेतंय तसा.

मी दौलतसिंहांना हाक मारली. ते दारातून सरळ हॉर्नच्या समोर आले. चांगला धिप्पाड माणूस.

काटा हलला नाही.

लहरी त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हत्या. मध्ये काहीतरी होतं...

"यहाँ तो कोई नहीं है, बिटिया," ते म्हणाले.

मी स्विच बंद केला आणि पळाले.

शनिवारी परीक्षेत तोच हॉर्न वाट्याला आला. काटा नाचला असता तर मी संपले होते.

पण काटा अगदी शांत. एकेक रीडिंग बरोबर. परीक्षकही खूश.

मीही खूश झाले... आणि शेवटचं रीडिंग लिहिताना अंगावर काटा आला.

हॉर्नला फक्त समोरचं कळतं. मागे मी उभी होते.

मी वळून पाहिलं नाही. मला पास व्हायचं होतं.

झाले पास. नोकरीही लागली. पण तेव्हापासून पाठ भिंतीला टेकल्याशिवाय मला कुठेच बसवत नाही.