मुलांचं वजन किती धरायचं?

हेमांगी बर्डेच्या घरी चहाची साखर महिनाभर पुरू लागली, तेव्हाच तिला कळायला हवं होतं की बायका आता कल्याणी गुळवेकडे बसतात.

आधी असं नव्हतं. गावात घरशाळेची कुटुंबं, म्हणजे मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणारी, मोजकीच. पण नगरपरिषदेची निवडणूक आली की ती सगळी हेमांगीच्या हॉलमध्ये सतरंजीवर येऊन बसत. कोणता उमेदवार घरशाळेकडे कसा बघतो, कोण घरपट्टी वाढवणार, कोण तेच काम पाणीपट्टीतून गुपचूप करणार, हे हेमांगी सांगायची. "ताई म्हणतील ते बटण," असं लोक म्हणायचे, आणि ती "छे हो, ज्याचं त्यानं ठरवावं" म्हणत चहात आणखी आलं किसायची.

मग घरकौल आला.

हिंगाच्या डबीएवढं यंत्र. घरातल्या प्रत्येकानं त्याच्याशी एकेकट्यानं बोलायचं, वाटेल तेव्हा, वाटेल ते. उमेदवारांची भाषणं, सभागृहात त्यांनी कशाला हात वर केला, घरपट्टीचे प्रस्ताव, सगळं ते वाचतं. आणि घरातल्यांच्या बोलण्यातून कुणाला कशाची किती ओढ आहे ते मोजतं. त्या ओढीला 'कल' म्हणतात. सगळ्यांचे कल एकत्र करून ते घराला एक नाव सुचवतं. मत ज्याचं त्यानंच द्यायचं. पण नाव घरबसल्या मिळालं की सतरंजीवर येऊन बसायचं कारण उरत नाही.

घरकौल गावात पहिल्यांदा आणला तो कल्याणीनं. हेमांगीच्या मते ते यंत्र जरा आगाऊच होतं. आणि ते आणणारीही.

त्या दिवशी कल्याणी नाचणीचे लाडू घेऊन आली. "हेमांगीताई, आमचा कौल आला बरं का. हिंगमिरे! गटातल्या सगळ्यांचा तोच. तुमचा?"

"येईल की. आमच्याकडे माणसं जरा विचार करून बोलतात."

"हो ना, वेळ लागतो एकेकाला," कल्याणी गोड हसली. "पण रविवारच्या आत यायला हवा हं. हिंगमिरे स्वतः येणारेत. पाठिंब्याचं निवेदन तुम्हीच द्यायचं. मी सगळ्यांना सांगितलं, मान ताईंचाच."

आपला मान कल्याणीनं आपल्याला वाटून द्यावा, हे हेमांगीला लाडवापेक्षा जड गेलं.

मुद्दा तसा सरळ होता. घरपट्टीत शिक्षण कर असतो. आपली मुलं शाळेत जात नाहीत तर तो आपण का भरायचा, असं गटाचं म्हणणं. हिंगमिरे घरशाळेच्या कुटुंबांना त्यात सूट मिळवून देणार होते. त्यांच्याविरुद्ध उभ्या होत्या फरीदा मुजावर. त्या सभेत चक्क म्हणाल्या होत्या, सूट मिळणार नाही. त्या करातून बंद पडत चाललेली चार नंबरची शाळा उभी करीन, आणि दुपारनंतर तिचं मैदान आणि प्रयोगशाळा गावातल्या प्रत्येक मुलाला उघडी ठेवीन, घरशाळेतल्यासुद्धा.

शनिवारी सकाळी पोह्यांना फोडणी पडत असताना फळीवरची डबी बोलली, "बर्डे कुटुंबाचा कौल तयार आहे. फरीदा मुजावर."

मोहरी तडतडून शांत झाली तरी हेमांगी झारा धरून उभी.

"चुकलंय तुझं."

"पुन्हा तपासलं. तोच आहे."

"कुणी सांगितलं तुला असलं?"

"एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचं नाही, ही अट तुम्ही मान्य केली आहे. तुमचं स्वतःचं तेवढं सांगू शकतो."

"सांग!"

"तुमच्या बोलण्यात करसवलतीची ओढ कमी भरली. घरपट्टीपेक्षा कल्याणी गुळवे यांचं नाव जास्त वेळा येतं."

हेमांगीनं डबीवर ओलं फडकं टाकलं आणि नवऱ्याकडे मोर्चा वळवला. दिगंबर त्याच चार नंबरच्या शाळेत शिकलेला. संशय घ्यायला तेवढं पुरे होतं.

"मुजावरबाईंच्या सभेला गेला होतास ना तू? पुढच्या रांगेत?"

"खुर्ची रिकामी होती, बसलो."

"आणि यंत्राला काय सांगितलंस?"

"मी? म्हटलं, बायको ठरवेल ते." त्यानं पोह्यांकडे आशेनं पाहिलं. "तर ते म्हणालं, मग तुमचा कल कोरा धरतो. मला बरंच वाटलं."

दिगंबर कोरा. ती स्वतः अशी. मग उरलं कोण?

आणि तिला आठवलं. सुरू करताना यंत्रानं प्रत्येक घराला विचारलं होतं, मुलांच्या बोलण्याला किती वजन द्यायचं? बाकीच्यांनी शून्य भरलं होतं. मत देण्याचं वय नाही तर कशाला, म्हणून. हेमांगीनं मात्र साऱ्या गटासमोर, कल्याणीकडे बघत, ठणकावलं होतं, "आमच्या घरशाळेत मूल मोठ्यांच्या बरोबरीचं असतं. पूर्ण वजन!" टाळ्याही पडल्या होत्या.

रेणू गॅलरीत होती. बारा वर्षांची. गॅलरीतून चार नंबरचं मैदान दिसायचं, आणि ती रोज तिथेच वाचायला बसते याचं हेमांगीला कौतुक होतं. उजेड चांगला येतो म्हणून. आज तिनं पहिल्यांदा पाहिलं, पुस्तक उलटं मांडीवर पडलेलं होतं.

"रेणू, शाळेत जायचंय तुला?"

रेणूनं आधी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं, वारा कुठला आहे ते बघावं तसं. "तसं नाही गं. तू छानच शिकवतेस."

"मग?"

"ती बघ, ती लाल रिबिनवाली. काल तिचं आणि त्या उंच मुलीचं कडाक्याचं भांडण झालं. आऊट होती की नव्हती यावरून. आज परत एकत्र आल्यात." रेणू थांबली. "माझ्याशी असं कुणी भांडत नाही. तू लगेच समजूनच घेतेस."

"हे मला का नाही सांगितलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं. डबीला वाईट वाटत नाही."

आजवर हेमांगीनं कल्याणीचा मत्सर केला होता, तिच्या भरलेल्या हॉलचा, तिच्या लाडवांचासुद्धा. तो सगळा मिळून या एका वाक्यापुढे किरकोळ होता. फडक्याखालच्या त्या डबीनं तिच्या मुलीचं मन तिच्या आधी ऐकलं होतं. आणि तेही तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच हिंगाशेजारी बसून.

रविवारी कल्याणीचा हॉल गच्च भरला होता. हिंगमिरे सोफ्यावर, निवेदन ताटात, वर गुलाबाचं फूल. हेमांगी उभी राहिली. फूल उचललं, निवेदन ताटातच राहू दिलं.

"आमच्या घराचा कौल मुजावरबाईंचा आहे."

"अगंबाई!" कुणीतरी म्हणालं. हिंगमिरे घड्याळ बघू लागले.

"यंत्र बिघडलं असेल ताई, बदलून मिळतं," कल्याणी हळूच म्हणाली.

"बिघडलेलं नाही. आमच्या रेणूचं त्यात पूर्ण वजन आहे. तुम्ही आपापल्या मुलांचं किती धरलंत, तेवढं आठवून बघा. मग द्या निवेदन, मी अडवत नाही."

शेवटी निवेदन कल्याणीनंच दिलं, आणि फोटोत मधोमध तीच आली. तो फोटो हेमांगीनं घरी येऊन तीनदा उघडून पाहिला. साडी बरी नेसली होती मेलीनं.

संध्याकाळी दारावर टकटक झाली. कल्याणी एकटीच होती, हातात लाडू नव्हते.

"ताई, ते वजन आता बदलता येतं का हो?"

"येतं. मतदान होईपर्यंत."

"आमचा शार्दूल त्याच्याशी तासन्‌तास बोलतो. दार लावून. मला वाटायचं, गणितं विचारतो." ती उंबऱ्यातच उभी राहिली. "काय बोलतो ते यंत्र मला सांगेल?"

"नाही सांगत. त्यालाच विचारावं लागतं."

हेमांगीनं चहाला आधण ठेवलं, साखर काढली, आलं किसायला घेतलं. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी तिला विचारायला आलं होतं, आणि उत्तर तर आधीच देऊन झालं होतं. गॅलरीतून रेणूचा आवाज येत होता, खालच्या कुणाला तरी ओरडून सांगत होती, "आऊट होतीस तू! मी वरून पाहिलं!"

कल्याणीनं तिकडे पाहिलं, मग फळीवरच्या डबीकडे.

"आणि ताई," ती म्हणाली, "शार्दूलला वाटलं की मला वाईट वाटेल, आणि त्यानं सांगितलंच नाही, तर?"