सूर्य झाकायचा खर्च

स्कूटी पंक्चर झाली ती डिचोलीच्या रस्त्यावर, मे महिन्याच्या भर दुपारी. समोर खाणीच्या ट्रकांचा वजनकाटा होता आणि त्याच्या केबिनमध्ये पंखा फिरत होता. मी सरळ आत शिरले.

"मात्शें बसूं?" मी बाहेरच्या पंक्चर स्कूटीकडे बोट करत विचारलं, तेही बसल्यावर.

खुर्चीतल्या तरुणाने वर पाहिलं... आणि पाहतच राहिला. मग स्वतःच लाजला. "बसा की. पंक्चरवालो येयसर तास लागतलो."

तासभर रिकामी बसणारी मी नव्हे. मी लॅपटॉप उघडला.

"काय करतास?"

"सूर्य झांकपाच्या संशोधनाक जगांत कोण किते पयशे दिता, तें मोजतां."

"सूर्याक झाकलास तर आमची कोकमाची सोलां खंय सुकतली?"

"हांव झांकना रे! फकत मोजतां."

खूप उंचावर बारीक कण सोडून थोडं ऊन परतवता येईल का, याचा काही देशांत अभ्यास चालतो. कुणी म्हणतं त्यावर पैसा उधळला जातोय, कुणी म्हणतं दमडीही मिळत नाही. दोघंही अंदाजानेच भांडतात. पुण्याच्या विनिता मॅडमच्या छोट्या संस्थेसाठी मी, जवळच्या मये गावची सुविधा, घरी बसून तो आकडा शोधत होते. कंत्राट तीन महिन्यांचं. काम पटलं तर नोकरी कायम. बेरीज मी कालच पाठवली होती आणि मॅडम खूश होत्या.

तो स्क्रीनकडे वाकला. नाव प्रशांत, गाव दोडामार्ग... हे त्याने न विचारताच सांगितलं. त्याच्या पापण्यांवर लाल धूळ बसली होती. माझं लक्ष आकड्यांवर नव्हतं, हे कबूल.

"ह्यो दोन ओळी बघा," तो म्हणाला. "आकडो तोच. एकाच ट्रकाच्यो पावत्यो वाटतत."

"म्हणजे?"

"ट्रक खाणीर एकदा तोलतत, जेटीर परत तोलतत. पावत्यो दोन, माल एकच. नवीन होतंय तेव्हा मी दोनय बेरजेक घेतलंय. शेठ खूश! मगे जेटीवाल्यान धरल्यान माका."

मी दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. एका ओळीत पैसे देणारी देणगीदार संस्था होती, दुसरीत तेच पैसे घेणारं विद्यापीठ. मी दोन्ही बेरजेत धरले होते.

मग चार दिवस मी त्या केबिनमध्येच बसले. स्कूटी कधीच दुरुस्त झाली होती, ते दोघांनाही सोयीने आठवत नव्हतं. ट्रक गेला की तो नावं वाचायचा, मी जोड्या शोधायची. चहाचा ग्लास देताना त्याची बोटं जरा रेंगाळायची — माझीही. शुक्रवारी बेरीज झाली. जुन्या आकड्याचा तिसरा हिस्सा गळून पडला होता.

"सोमवारी जुनो आकडो छापतले मगो?" प्रशांतने हळूच विचारलं. "नाय सांगलंस तर कोणाक कळतला?"

"म्हाका कळतलें," मी म्हटलं. तो 'तुमी'वरून 'तू'वर आला होता, हेही मला कळलं होतं.

मी मॅडमना सगळं लिहिलं, चूक माझी हेही. दहा मिनिटांत फोन आला. अहवाल त्यांनी पुढे ढकलला. प्रत्येक ओळ पुन्हा तपासायची. कायम करण्याबद्दल आत्ता शब्द देत नाही, म्हणाल्या. आवाज थंड होता. मी फोन ठेवला तेव्हा मान मात्र ताठ होती.

"आता?"

"आतां परत मोजतलें. पयल्या ओळीपासून."

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "पावसात काटो बंद. धा दिवसांनी मी घराक जातलंय..."

एक खरं बोलून मला धीर आला होता. दुसरं कशाला पोटात ठेवायचं?

"प्रशांत, म्हाका तूं आवडटा. आतां तूं सांग."

बाहेर ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. प्रशांतने तिकडे पाहिलंच नाही.

"काल मी आवशीक फोन केलंय," तो म्हणाला. "आयतवारी मयेक येवक सांगलंय. तुज्या घराक."

"तुज्या आईक? म्हाका विचारिनासतना? आनी हांवें ना म्हळें जाल्यार?"

"तर... आवशीक मयेचा तळा दाखवन परत न्हेलंय असतंय."

मला हसू आवरेना. डोळेही भरले, ते मी पुसले नाहीत.

"तळें मागीर दाखय," मी म्हटलं. "पयलीं तिका घरा घेवन यो."