खाणीजवळचा पाचवा दिवा

दार ओढून घ्या आणि जवळ सरकून बसा. उद्या पहाटे तुम्ही गाड्या घेऊन रानात निघणार, म्हणून आज हे सांगतो. ज्याच्या बाबतीत हे घडलं, तो वेणुगोपाल आमच्या राजाजीनगरच्या भजनी मंडळीतला. वीस वर्षं माझ्या शेजारी बसून त्यानं टाळ वाजवला. खोटं त्याच्या जिभेवर येत नसे.

सत्त्याण्णव सालच्या मार्गशीर्षातली वद्य त्रयोदशी. वेणुगोपाल आणि त्याचे पाच सोबती के. आर. पुरमपलीकडच्या खडकाळ माळावर दिवसभर मोटारसायकली फिरवून परतीच्या बेतात होते. एकाचं चाक गंगव्वा नावाच्या म्हातारीच्या नाचणीच्या बांधावरून गेलं होतं. परक्याच्या रानाला धक्का लागला, तर क्षमा मागून, बांध पुन्हा घालून मगच निघायचं, हा म्होरक्या वेणुगोपालाचा दंडक. सहाही जणांनी माती ओढली. बांध पुरा होईतो दिवेलागण टळून गेली.

"देव बरं करो तुमचं," गंगव्वा कानडीत म्हणाली, "पण आता खाणीकडून जाऊ नका. तीन वर्षांमागं तिथं एक पोर मागं राहिलं. बरोबरचे पुढं निघून गेले. खाणीतल्या पाण्यातून गाडी निघाली, पोर काही निघालं नाही."

"आम्ही कुणाला मागं ठेवत नाही, अव्वा," वेणुगोपाल म्हणाला. "दर वळणाला थांबून मागचे दिवे मोजतो."

म्हातारीनं खाणीच्या दिशेला हात जोडले.

दुसरी वाट फार लांबची होती, आणि नऊच्या आत प्रणीतला घरी पोचवायचं होतं. एकोणीस वर्षांचा प्रणीत त्या दिवशी पहिल्यांदाच आलेला. "अण्णा, एकुलतं एक लेकरू आहे माझं," म्हणून गोदूबाईनं त्याला वेणुगोपालाच्या हवाली केलं होतं.

"शेवटी मी राहतो, अण्णा!" प्रणीत म्हणाला.

"राहा की," सोबत्यांतला चंद्रकांत हसला, "पोटभर धूळ खा. म्हणजे घरी आईचा भात स्वल्प वाचेल!"

सगळे हसले. नवख्याला मधे घ्यायचं, हेही ठरलेलंच होतं. थट्टेत ते राहून गेलं.

सात वाजून चाळीस मिनिटांनी ते निघाले. पहिलं वळण. वेणुगोपाल थांबला, मागे पाहिलं. पाच दिवे. पुढे खाणीच्या काठाची अरुंद वाट. मग दुसरं वळण. पुन्हा पाच दिवे. शेवटचा जरासा पिवळट, मागे मागे येणारा. तो निर्धास्त झाला.

डांबरी रस्त्यावर तो उतरून उभा राहिला. एक गाडी आली. दुसरी. तिसरी. चौथी चंद्रकांताची.

"प्रणीत?"

"माझ्या मागंच होता की, अण्णा. दिवा दिसत होता."

दिवा अजूनही दिसत होता. दुसऱ्या वळणावर, स्थिर.

"प्रणीत! अरे ये ना!"

गाडीचा आवाज येत नव्हता.

दिवे मोजले होते. माणसं मोजली नव्हती. मुखानं नाम घेतलं नाही आणि समई तेवढी लावली, तर ती पूजा कसली? "सरी, बरं, तुम्ही गावातून माणसं आणा," असं चंद्रकांताला सांगून वेणुगोपाल एकटाच उलटा फिरला.

वळण जवळ आलं. दिवा मागे सरला. तो थांबला, की दिवाही थांबे. जणू त्याच्यासाठीच.

खाणीचा काठ. त्यानं गाडी उभी केली, इंजिन बंद केलं.

दिवा खाली होता... पाण्यात. पाण्याच्या आत.

मग विझला.

"विठ्ठला..." ओठ हलले.

"अण्णा..."

काठाखालच्या कपारीत प्रणीत पडला होता. पाय मोडलेला. हातात घट्ट धरलेलं झुडूप. वेणुगोपालानं पालथं पडून त्याचं मनगट धरलं.

"दोन्ही वळणांवर तुझा दिवा दिसला रे..."

"पडल्याबरोबर दिवा फुटला, अण्णा. पहिलं वळण झालं आणि लगेच पडलो मी. किती हाका मारल्या..."

खाली पाणी हललं. एकदाच.

गावकरी जीप घेऊन आले, तोवर त्यानं ते मनगट सोडलं नाही. प्रणीतला जीपमध्ये निजवलं. चंद्रकांत त्याच्यासोबत बसला. पोर वाचलं, बाळांनो. पुढे चालूही लागलं.

वेणुगोपाल आपल्या गाडीवरून एकटाच घरी निघाला. वाटेत त्यानं एकदाही मागे पाहिलं नाही. चढाला गाडी जड वाटली. थकवा असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. पाठीला गारवा लागत होता. थंडीचे दिवस होते...

घरापुढच्या दिव्याखाली त्यानं गाडी लावली. मागे कुणाला बसवायची त्याला सवय नव्हती. मागच्या माणसाच्या पायांसाठी असलेल्या दोन्ही खुंट्या त्याच्या गाडीला बारा महिने दुमडलेल्या असत.

त्या रात्री त्या उघड्या होत्या. दोन्ही.

आणि त्यांवरून पाणी ठिबकत होतं. शेवाळाचं, हिरवं...