आत्यांचा नकार

वृषालीने दुपट्यांचं गाठोडं बांधलं आणि पाळण्याच्या दोऱ्या सोडायला घेतल्या, तेव्हा चिमाबाईंच्या काळजात काहीतरी तुटलं... त्यांची जुळी नातवंडं आज राजुरीचं घर सोडून मंचरला, भाड्याच्या खोलीत निघाली होती.

"राहू दे गं, मी सोडते दोऱ्या."

"आत्या, तुमी मधी पडू नका."

सासूला ती लग्नापासून आत्याच म्हणायची. पण त्या शब्दात पूर्वी केवढी माया होती... दोघी साठवणीच्या बराखीत कांदा निवडत बसायच्या, वृषाली साऱ्या आळीतल्या बायकांच्या नकला करायची आणि चिमाबाई हसून हसून पदर तोंडात कोंबायच्या. मूल होत नव्हतं त्या सगळ्या वर्षांत सून त्यांच्याच खांद्यावर रडली होती, लेण्याद्रीच्या पायऱ्या दोघी हातात हात घालून चढल्या होत्या. कुठे गेले ते दिवस?

मग जुळ्यांची चाहूल लागली. पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एका बाळाबद्दल शंका आहे. खात्री हवी तर पोटात सुई घालून पाणी तपासावं लागेल. पिशव्या दोन, म्हणून सुईही दोनदा. गर्भ पडण्याचा धोका थोडा आहे, पण एकट्या बाळापेक्षा जास्त." वृषालीला तपासणी हवी होती. घरी आल्यावर चिमाबाई नको म्हणाल्या, आणि थोरल्या बाईचा शब्द मोडायची या घरात रीत नव्हती. मुलगा धडधाकट जन्मला. मुलीला डाउन सिंड्रोम निघाला.

"पोरगी मला जड न्हाई, आत्या," वृषाली म्हणाली. "पण तिला पहिल्यांदा पाहिलं आन् मी घाबरले. पोटच्या पोरीला बघून घाबरले... आधी कळलं असतं, तर मन तयार केलं असतं. का न्हाई म्हणालात, एकदा तरी सांगा."

दारात टेम्पोची किल्ली घेऊन तिचा नवरा गोकुळ उभा होता. चिमाबाईंना पुण्याहून परतल्या संध्याकाळचा गोठा आठवला. लहानपणी काही फुटलं की पदराआड लपणारा हाच मुलगा तिथे हुंदके देत होता... 'आई, दोन्ही गेली तर? मी न्हाई म्हणालो तर ती मला कधी माफ करायची न्हाई. तू म्हण.'

"मी अडाणी बाई," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं." आणि त्यांनी सुनेपुढे हात जोडले.

गोकुळला ते बघवेना.

"आईनं न्हाई, मी म्हणायला लावलं तिला," तो खाली बघत म्हणाला. "ती तर म्हणत व्हती, पोट तिचं हाये, तिला ठरवू दे."



"आन् तुमी माझी बोलणी खात बसलात?" वृषाली सासूकडे वळली.

"माझं काय गं. सासूवरचा राग पचतो. नवऱ्यावरचा घर मोडतो."

वृषालीने त्यांचे जोडलेले हात सोडवले, आपल्या गालांवर दाबून धरले, आणि ती पोटभर रडली. मग डोळे पुसून नवऱ्याला म्हणाली, "टेम्पोत तुमचे कपडे टाका. मंचरला तुमी जा. आमी चौघं हितंच ऱ्हातो."

"अगं, वृषाली..."

गोकुळने आईकडे पाहिलं. त्याची बाजू घ्यायला चिमाबाईंनी सवयीने तोंड उघडलं... आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते मिटलं. त्या सुनेशेजारी जाऊन बसल्या. या वेळी गोकुळला स्वतःच बोलावं लागणार होतं.