आईचा नंबर

न ठोठावताच दार उघडलं, तेव्हा ती रजई लपेटून भिंतीकडे बघत बसली होती. दारात एक उंच मुलगा. एका हातात किल्ल्यांचा जुडगा, दुसऱ्या हातात पाना.

"आयला..." तो दचकून म्हणाला, "इथे माणूस आहे."

परक्या देशात आठ महिने काढल्यावर एकदम इतकं घरचं ‘आयला’ कानावर पडलं, की तिला हसावं की रडावं तेच कळेना.

"माणूस नाही, मुलगी आहे," ती म्हणाली.

चूक तिचीच होती. सुट्टीच्या फॉर्मवर तिने ‘घरी जाणार’ असं ठोकून दिलं होतं. रिकाम्या खोल्यांतले पाइप थंडीत फुटू नयेत म्हणून त्यांतलं पाणी काढून टाकायचं काम या मुलाकडे होतं. तो इंजिनिअरिंगचा, सुट्टीपुरता होस्टेलचा रखवालदार. तिने मनातल्या मनात त्याचं नाव ‘नळवाला’ ठेवून टाकलं. घरी का गेली नाहीस, असं त्याने विचारलं. तिकीट मिळालं नाही, आई म्हणाली अभ्यास कर, असं ती म्हणाली. अगदी सहज. चार महिन्यांत तिला या खोटेपणाची छान सवय झाली होती.

कारण आई नव्हतीच. परीक्षेच्या आठवड्यात आई गेली आणि बाबांनी ते तिला सांगितलं सहा दिवसांनी, शेवटचा पेपर झाल्यावर. "तुझं वर्ष वाया जाऊ नये, हीच तिची इच्छा होती," बाबा म्हणाले होते. आत्या म्हणाली, बापाचे उपकार मान, काळजावर दगड ठेवून त्याने ते केलं. उपकार! त्या दिवसापासून तिने बाबांचा एकही फोन उचलला नव्हता. आईला शेवटचं बघायचा हक्क तिच्याकडून काढून घेणारे ते कोण?

नळवाला पहिल्या दिवशी पाइप तपासायला आला. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी तर पानाही विसरून आला. ती डोळे तपासायचं शिकत होती, म्हणून तिने त्याला खिडकीशी उभं केलं आणि त्याच्या डोळ्यांत छोटी बॅटरी मारली. बाहेर पाऊस नुसता रेंगाळत होता, काचेवर बारीक, राखाडी...

"डावा डोळा जरा आळशी आहे," ती गंभीरपणे म्हणाली.

"आणि उजवा?"

"उजवा आगाऊ. सारखा भलतीकडे बघतो."

"भलतीकडे नाही," तो म्हणाला, "एकीकडेच."

तिने बॅटरी बंद केली. चार महिन्यांत पहिल्यांदाच ती हसली, आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. इतक्यात?

सुट्टीतल्या सणाच्या दुपारी होस्टेलवर मागे राहिलेले सहाजण खानावळीत जमले. स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा एक कडक नियम होता. सणाच्या जेवणाआधी प्रत्येकाने ऑफिसातल्या फोनवरून घरी बोलायचं, कुणाचे तरी आभार मानायचे, मगच ताट मिळणार. सबबी चालत नसत. फोनचा कोड फक्त नळवाल्याला ठाऊक, म्हणून नंबर तोच फिरवायचा. एकेक जण आत जाऊन, डोळे पुसत, हसत बाहेर येत होता.

तिची पाळी आली. बाबांचा नंबर सांगणं शक्यच नव्हतं. पण आईचा... तो बंदच असणार. लागत नाही म्हणायचं आणि सुटायचं. तिने आकडे सांगितले, त्याने फिरवले, रिसीव्हर तिच्या हातात दिला आणि मुद्दाम पाठ करून दाराशी उभा राहिला.

पलीकडे फोन वाजायला लागला.

दुसऱ्याच रिंगला कुणीतरी उचलला.

"बोल, खारू."

बाबा. आवाज केवढा म्हातारा झाला होता.

"हा फोन... चालू कसा?"

"रोज चार्ज करतो," बाबा म्हणाले. "तू मला करणार नाहीस, हे माहीत होतं. पण कधीतरी तिला करशील, असं वाटायचं."

मग बाबा हळू आवाजात म्हणाले, की त्यांचं चुकलं, सहा दिवस रोज फोन हातात घेऊन बसायचे आणि खाली ठेवायचे. तिने माफ केलं नाही. तेवढं तिला जमलंच नाही. पण रोज कुणीतरी तिची वाट बघत एक फोन जिवंत ठेवत होतं.

"बाबा, चार्ज करत राहा," ती म्हणाली. "मी उद्या करीन. थँक्यू."

रिसीव्हर ठेवला आणि ती तिथेच खुर्चीत बसली. नळवाला वळला. त्याने सगळं ऐकलं होतं की नाही, कोण जाणे. त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

"मी तुझ्याशी खोटं बोलले," ती म्हणाली. "आई नाहीये माझी. चार महिने झाले. तू परत येत राहावंस म्हणून नाही सांगितलं... रडक्या मुलीच्या खोलीत कोण येतं?"

तो शेजारची खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला, इतका जवळ की त्यांचे गुडघे टेकले. त्याने पाय मागे घेतले नाहीत. तिनेही नाही.

"मी आलोच असतो," तो म्हणाला. "मला तू आवडतेस. रडतानाही. आता मला तिची ओळख करून दे."

"कुणाची?"

"आईची. पहिल्यापासून."

बाहेरून मावशींनी हाक मारली, ताटं गार होताहेत. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

"ती फार मोठ्याने शिंकायची," ती म्हणाली, आणि मग तिला हसू आलं, रडू आलं, दोन्ही एकदमच. "शेजारच्यांचं मूल जागं व्हायचं..."